पूर्ण भिडू

सेरेब्रल पाल्सी असलेली बरीच मुलं सात-आठ वर्षांची असताना सगळ्यात चांगली चालतात. वॉकर धरून, कुबड्या घेऊन, भिंतीला हात लावत, पण चालतात. मग पाचवी-सहावीच्या सुमारास घरच्यांच्या लक्षात येतं, की पोरगा गुडघ्यात वाकायला लागलाय. शाळेतून आला की आडवाच होतो. गेल्या वर्षी जिना चढत होता, आता खालीच थांबतो. आईवडील धास्तावून डॉक्टरांकडे जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, आजार वाढला का?

आजार वाढलेला नसतो. जन्माच्या आसपास मेंदूला जी इजा झाली, ती तेवढीच असते. वाढलेलं असतं ते शरीर. वयात येताना हाडं भराभर लांब होतात. ताठर स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, त्यामुळे पोटरीचे आणि मांडीमागचे स्नायू आखडतात, गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. त्याच सुमारास वजन वाढतं आणि ते पेलण्याएवढी ताकद कमवलेली नसते. अशा मुलाला तेवढंच अंतर चालायला इतरांच्या साधारण दुप्पट शक्ती खर्चावी लागते, कधी त्याहूनही जास्त. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात स्टीव्हन हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते २१ वर्षं वयाच्या मुलांच्या हालचालींची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली आणि २००९ मध्ये त्यांचे आलेख प्रसिद्ध केले. विनाआधार चालणाऱ्या मुलांची क्षमता सरासरीने टिकून होती. आधाराने चालणाऱ्या आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलांचे आलेख मात्र सात-आठ वर्षांच्या आसपास शिखर गाठून पुढे उतरत गेले होते.

म्हणजे या मुलांना हालचालीची सर्वांत जास्त गरज असते ती किशोरवयात. आणि नेमकी त्याच वयात आपण ती त्यांच्याकडून काढून घेतो. लहानपणी फिजिओथेरपीच्या फेऱ्या नेमाने होतात. मूल हलकं असतं, कडेवर घेऊन एसटीत चढता येतं, अजून सुधारेल ही आशा ताजी असते. तेराव्या वर्षी त्याला उचलणं आईच्या कमरेला झेपत नाही. क्लासच्या वेळा आडव्या येतात, दहावी समोर दिसायला लागते. व्यायाम सुटतो तो असा, कोणीही तसं ठरवलेलं नसताना. राहता राहिला शाळेतला खेळाचा तास, तर त्यातून त्याला पहिलीपासूनच सूट मिळालेली असते.

ही सूट देणारी माणसं वाईट नसतात. पी.टी.च्या सरांपुढे एका तासाला साठ मुलं असतात आणि मैदान एकच. मूल पडलं तर उत्तर कोण देणार, ही मुख्याध्यापकांची काळजी खरी असते. आईवडील स्वतःच डॉक्टरांचं पत्र आणून देतात. पण परिणाम काय होतो ते मैदानावर उभं राहून बघावं. तिथे अशा मुलासाठी साधारण दोनच जागा उरतात. पहिली बाकावरची. दप्तरं सांभाळायची, कोणाचं घड्याळ ठेवायचं, फार तर धावफलक लिहायचा. दुसरी जागा कच्च्या लिंबाची. मराठी घरात वाढलेल्या कोणाला ती समजावून सांगायला नको. धाकटं भावंड मागे लागलं की त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही, ते बाद झालं तरी झालं नाही असं धरायचं. चार वर्षांच्या भावंडासाठी ही फार प्रेमळ सोय आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ती कळते, आणि लागते. सगळे टाळ्या वाजवतायत, चेंडू मुद्दाम हळू येतोय, आपण बाद झालो तरी कोणी ओरडत नाही, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत समजतं. पुढच्या वेळी तो स्वतःच म्हणतो, नको सर, माझे पाय दुखतायत. आणि मोठी माणसं नोंद करतात, की याला खेळाची आवड नाही.

तिसरी जागा भिडूची. भिडूची धाव मोजली जाते, त्याच्या चुकीने डाव जातो, तो बाद होतो आणि बाद झाल्यावर चिडतो. या मुलांना हलतं ठेवायचं असेल, तर त्यांना ही तिसरी जागा मिळवून द्यावी लागते, असं माझं ठाम मत आहे. व्यायामाचे फायदे सांगून कुठलाही किशोर हलत नाही. चांगल्या धडधाकट मुलांनाही ते जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची आकडेवारी तपासली, तेव्हा जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नसल्याचं दिसलं. अपंग मुलाच्या बाबतीत त्यात पायऱ्या, दुखणं, भीती आणि सूट यांची भर पडते.

भीतीचा इतिहास जुना आहे. मणक्याला इजा झालेल्या माणसाला पलंगावर पडू द्यावं, हलवू नये, अशी वैद्यकाची रीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत होती, आणि अशी माणसं बहुधा शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने काही महिन्यांत, फार तर एखाद-दोन वर्षांत दगावत. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मेंदूतज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी विभाग सुरू केला आणि ही रीत मोडली. रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं, बसवायचं, कामाला लावायचं, आणि खेळायला लावायचं. २९ जुलै १९४८ या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत असताना इकडे रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिक, त्यांत दोन स्त्रिया, चाकाच्या खुर्चीतून धनुर्विद्येची स्पर्धा खेळले. पॅरालिंपिकची मुळं तिथे आहेत. गुटमन यांना खेळ हवा होता तो आधी उपचार म्हणून. खांदे, पाठ आणि तोल यांचे कंटाळवाणे व्यायाम रुग्ण टाळत. धनुष्य हातात दिलं की तेच व्यायाम ते तासभर करत.

आपल्या मातीतलं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा तरुण सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं बळ गेलं. पोहायला त्यांना सांगितलं गेलं ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेतलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. त्यांच्यावर सिनेमा निघाला, शाळाशाळांत तो दाखवला जावा असंच मला वाटतं. पण तो दाखवून झाल्यावर त्याच शाळेतली चाकाच्या खुर्चीतली मुलगी पुन्हा बाकावर गेली, तर तिला त्याचा काय उपयोग? तिला बहुधा पदक मिळणार नाही, जसं तिच्या वर्गातल्या इतर साठ जणांनाही मिळणार नाही. त्यांच्या खेळाच्या तासाला आपण पदकाची अट घालत नाही.

स्नायूंच्या ताकदीबद्दलही एक समज बराच काळ टिकून होता. सेरेब्रल पाल्सीत स्नायू आधीच ताठर असतात, त्यांना वजनांचा व्यायाम दिला तर ताठरपणा वाढेल, म्हणून फक्त ताणायचे व्यायाम द्यावेत, अशी शिकवण होती. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या डायान डमियानो यांनी आणि इतरांनी ती तपासून पाहिली. ताकद वाढली, ताठरपणा वाढला नाही. ताठर दिसणारा स्नायू बहुतेक वेळा अशक्तही असतो, हे त्यातून नीट पुढे आलं. ताकद वाढली म्हणून चाल लगेच सुधारते असं मात्र नाही, त्याबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि आईवडिलांना तसंच सांगावं. पण खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकता येणं, संडासात कठडा धरून उभं राहता येणं, या गोष्टी ताकदीवर चालतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या लेखी त्यांचं मोल चालीपेक्षा कमी नसतं.

किती हलायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पहिल्यांदाच अपंग मुलांसाठी आणि प्रौढांसाठी वेगळी शिफारस केली. ५ ते १७ वयाच्या अपंग मुलांसाठी ती इतर मुलांइतकीच आहे. आठवड्याची सरासरी काढली तर रोज साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यात किमान तीन दिवस जोरकस हालचाल आणि स्नायूंना व हाडांना बळ देणारा व्यायाम. हा आकडा ऐकून कोणी हबकू नये. त्याच शिफारशीत असंही म्हटलंय, की अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, आणि थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावं. वर्षभर बसून असलेल्या मुलाने आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटं खुर्ची स्वतः ढकलत मैदानाला फेऱ्या मारल्या, तरी सुरुवात झाली. दम पुरेसा लागतोय का हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम म्हणजे मध्यम. दोन-चार शब्दांनंतर थांबावं लागतंय, तर जोरकस. मणक्याला वरच्या भागात इजा असलेल्या मुलांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, म्हणून त्यांच्यासाठी तर नाडी मोजण्यापेक्षा हीच खूण भरवशाची. आणि व्यायाम म्हटलं की जिमच डोळ्यांपुढे आणायची गरज नाही. खुर्चीत बसून लेझीम खेळून पाहावी. पाच मिनिटांत खांदे भरून येतात. गणपतीच्या तोंडावर पथकाचे सराव महिनाभर चालतात, तिथे ताशाला बसणारा हात लागतोच.

काळजी कशाची घ्यायची, हे प्रत्येकाच्या अपंगत्वाप्रमाणे वेगळं असतं, आणि इथे मात्र सरसकट बोलून चालत नाही. मणक्याच्या इजेत जिथे संवेदना नाही तिथे घामही नीट येत नाही. चैत्र-वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे अशा मुलाला दुपारी मैदानावर नेणं धोक्याचं. सकाळी लवकर खेळावं, अंगावर पाणी फवारायला बाटली जवळ असावी. इजा छातीच्या मध्याच्या वर असेल तर आणखी एक गोष्ट शिक्षकांना माहीत हवी. मुलाचं डोकं एकाएकी ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. त्याला आडवं करू नये. ताठ बसवावं, कपडे-पट्टे सैल करावेत, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का, मूत्राशय भरलंय का ते बघावं, आणि उतार पडला नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्यावं. खेळून घरी आल्यावर बसण्याच्या जागेची कातडी आरशात पाहायची सवय लावावी. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर भार देऊ नये.

स्पायना बायफिडा (जन्मतः मणका पूर्ण न जुळणं) असलेल्या अनेक मुलांना लॅटेक्स रबराची ॲलर्जी असते. फुगे, काही रबरी हातमोजे आणि व्यायामाचे रबरी पट्टे यांनी त्यांना त्रास होऊ शकतो, तेव्हा पट्टे लॅटेक्स नसलेले आणावेत. पट्टे लागतातच, कारण दिवसभर खुर्ची ढकलून छातीचे, खांद्यापुढचे स्नायू तयार होतात आणि पाठीचे मागे पडतात. वल्हं मारल्यासारखं मागे ओढण्याचा व्यायाम त्या खांद्यांना पुढची कितीतरी वर्षं वाचवतो. ड्युशेन प्रकारच्या स्नायुदौर्बल्यात उलट बाजूने विचार करावा लागतो. तिथे ताकद कमवायला वजनं उचलणं, जिन्याने उतरत राहणं, थकून जाईपर्यंत खेळणं घातक ठरतं. कोमट पाण्यात पोहणं, हलकं सायकलिंग, आणि थकण्याआधी थांबणं हे बरं. कृत्रिम पाय वापरणारी मुलगी एकाएकी खेळायला नको म्हणू लागली, तर तिच्या मनाचा शोध घेण्याआधी सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वाटी, बघावं. वाढत्या वयात ते लवकर लहान होतं, कातडी घासते, आणि मुली ते सांगत नाहीत.

हे सगळं वाचून एखाद्या शिक्षकाला वाटेल, की हे तज्ज्ञांचं काम. दुखण्यापुरतं ते तज्ज्ञांचं आहेच. खेळ बदलण्यासाठी मात्र तज्ज्ञ लागत नाही, कारण आपली मुलं आयुष्यभर तेच करत आलेली असतात. गल्लीतलं क्रिकेट घ्या. समोरच्या भिंतीला लागला की दोन धावा, जोशीकाकूंच्या गॅलरीत गेला की बाद, एक टप्पा झेल धरला तरी बाद. हे नियम कुठल्या मंडळाने केले? जागा अरुंद म्हणून मुलांनी केले, आणि ते सगळ्यांना बंधनकारक असतात. वर्गातल्या एका भिडूचे पाय चालत नाहीत, तर नियम काय असावेत, असं त्या मुलांनाच विचारून पाहावं. त्याच्यासाठी पळायला दुसरा चालेल, पण पळणारा धावबाद झाला तर हाही बाद. त्याला टप्पा दोनदा पडलेला चेंडू, पण त्याच्या षटकारालाही सीमारेषा तीच. मुलं तासभर भांडतात आणि न्याय्य नियम काढतात. भांडतात हे महत्त्वाचं, कारण कच्च्या लिंबाबद्दल कोणी भांडत नाही. ज्याच्यासाठी नियम बदलतोय तोही त्या भांडणात हवा. त्याला काय जमतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

बदल चार बाजूंनी करता येतो. जागा लहान करायची, काम बदलायचं, साहित्य बदलायचं, किंवा भिडूंची वाटणी बदलायची. लगोरी जमिनीऐवजी स्टुलावर रचली की खुर्चीतली मुलगी ती स्वतः रचू शकते. कबड्डी सगळ्यांनी सतरंजीवर बसून खेळायची. बसून खेळायचा व्हॉलीबॉल तर पॅरालिंपिकमध्येच आहे. १० बाय ६ मीटरचं मैदान, पुरुषांसाठी १.१५ आणि स्त्रियांसाठी १.०५ मीटर उंचीची जाळी, आणि चेंडू मारताना बैठक जमिनीवरून उचलायची नाही. शाळेच्या सभागृहात दोरीवर साडी टाकूनही हा खेळ होतो. धडधाकट मुलांना त्यात बसवलं की पाहण्यासारखं दृश्य असतं. त्यांना पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही, आणि हातांवर सरकायची सवय असलेला मुलगा त्यांच्या आधी चेंडूपर्यंत पोचतो. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे पोरगे म्हणतात, याला आमच्याकडे द्या.

पण ज्या मुलांचे हातसुद्धा चालत नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी बोचा नावाचा खेळ आहे, आणि शाळेने एकच नवा खेळ आणायचा असेल तर तो हा आणावा. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. पांढरा आधी टाकायचा, मग आपापले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे, समोरच्याचे उडवायचे. गोट्या खेळलेल्या कोणालाही हे दोन मिनिटांत समजतं. नियमाचं मैदान १२.५ बाय ६ मीटरचं, म्हणजे शाळेचा मोठा व्हरांडाही थोडाफार चालतो. चेंडू सुमारे २७५ ग्रॅम वजनाचा, किंचित मऊ, म्हणजे जिथे पडतो तिथून फार घरंगळत नाही. विकतचे महाग पडतात. जाड कापडाच्या पिशवीत धान्य भरून शिवलेले चेंडू सरावाला पुरतात. १९८४ पासून हा पॅरालिंपिकमध्ये आहे.

यातल्या सर्वांत तीव्र अपंगत्व असलेल्या गटात खेळाडूपुढे एक उतरती पन्हळ ठेवतात. त्याने हनुवटीने किंवा डोक्याला बांधलेल्या काठीने चेंडू सोडायचा, चेंडू पन्हळीतून घरंगळत जातो. प्लंबरकडून पीव्हीसीचा पाइप उभा चिरून आणला तरी अशी पन्हळ होते. पन्हळ हलवायला खेळाडूजवळ एक मदतनीस बसतो, बहुधा आई किंवा वडील. आणि इथे नियम असा आहे, की मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून पाहायचं नाही, सुचवायचं नाही, इशारा करायचा नाही. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं.

समजा, एक पंधरा वर्षांची मुलगी खेळते आहे. तिचं बोलणं अस्पष्ट आहे, एकेक शब्दाला वेळ लागतो. आई पाठमोरी, दोन्ही हात पन्हळीवर.

"डावीकडे."

आई पन्हळ सरकवते.

"जास्त झालं. मागे."

आई मागे घेते.

"वर."

आता चेंडू जास्त उंचावरून सुटेल, जोरात जाईल. आईला वाटतं हा फार जोर होतोय. पण तिला पांढरा चेंडू कुठे आहे हेच दिसत नाही, त्यामुळे तिच्या वाटण्याला अर्थ नाही. मुलगी हनुवटी टेकवते, चेंडू सुटतो. तो कुठे गेला हेसुद्धा आईला समोरून येणाऱ्या आवाजावरून ओळखावं लागतं. पंधरा वर्षं या मुलीच्या वतीने बघायचं, ठरवायचं आणि उत्तरं द्यायची ती आईने. "तिला काय हवंय?" असं रिक्षावालेसुद्धा आईलाच विचारतात. इथे पंचांनी चूक दाखवली तरी ती मुलीची असते, आणि गुण मिळाला तर तोही तिचा. हा खेळ रोजच्या साठ मिनिटांच्या हिशेबात किती धरायचा, यावर वाद घालता येईल. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी आपण होऊन मान सावरण्याचे व्यायाम मागते, ते चेंडू नेमका सोडता यावा म्हणून.

कॅनडातलेच दोन डॉक्टर, पीटर रोझेनबाउम आणि यान विलेम गोर्टर, यांनी २०१२ मध्ये एक छोटा लेख लिहिला. अपंग मुलाकडे पाहताना सहा गोष्टी विचाराव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. त्याला काय करता येतं, त्याचं कुटुंब, त्याची तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. यातले मजा आणि मित्र हे दोन शब्द बहुतेक उपचारांच्या कागदांत सापडत नाहीत. किशोरवयात तर उरलेल्या चार गोष्टी या दोघांच्या खांद्यावर बसून येतात. फिजिओथेरपिस्टकडे मुलगा आईबरोबर जातो. खेळायला तो मित्राबरोबर जायला हवा. मित्राला खुर्ची पायरीवरून मागे झुकवून कशी उतरवायची हे एकदा शिकवलं, की तो ती आईपेक्षा बेधडक नेतो. एखाद-दोनदा दोघंही आपटतील. शाळकरी मुलांचे गुडघे फुटतातच, आणि अपंग मुलालाही तेवढा वाटा मिळायला हरकत नाही.

शीतल देवी या जम्मूच्या किश्तवाडमधल्या मुलीला जन्मतःच हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते, खांद्याच्या जोराने दोरी ओढते, जबड्याने सोडते, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये सतराव्या वर्षी तिने राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक जिंकलं. तिच्याबद्दलच्या वर्णनांत मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट अशी, की ती लहानपणी झाडांवर चढायची. हात नसलेल्या मुलीला झाडावर चढू देणारी माणसं तिच्या आसपास होती. प्रशिक्षक त्यानंतर आले.

मुलींच्या बाबतीत आणखी थोडं सांगायला हवं. पाळी सुरू झाली की अनेक घरांतून मुलीचं बाहेर पडणं थांबतं, आणि अपंग मुलीचं आधी थांबतं. कारणं उघड आहेत. पॅड बदलायला मैदानाजवळ जागा नाही, बदलून देणारं कोणी नाही, उचलून ठेवणारे सर पुरुष आहेत. पालकांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. पण तिच्यावर उपाय आहेत. उचलताना कायम दोन मोठी माणसं, त्यांतली एक बाई. मुलीला आधी विचारल्याशिवाय तिला किंवा तिच्या खुर्चीला हात लावायचा नाही, आणि ती नको म्हणाली तर नको. तिला स्वतःला हे ठणकावून सांगता येईल, असा सराव घरीही व्हावा. पोहण्याच्या तलावावर बायकांसाठी राखून ठेवलेली वेळ असते तिथून सुरुवात करावी. पाण्यात शरीराचं वजन जाणवेनासं होतं, आणि जमिनीवर दोघींच्या आधाराने उभी राहणारी मुलगी छातीएवढ्या पाण्यात एकटी चार पावलं टाकते, हे अनेक घरांनी पाहिलेलं आहे.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या तिसाव्या कलमात अपंग मुलांना शाळेसकट सगळीकडे खेळात बरोबरीची संधी मिळावी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मानली. त्याच्या सोळाव्या कलमानुसार शाळांनी या मुलांना शिक्षणाबरोबर खेळाची आणि करमणुकीची संधीही इतरांइतकी द्यायची आहे, आणि तिसाव्या कलमाने क्रीडा सुविधा त्यांच्या वापराजोग्या करायची जबाबदारी सरकारवर टाकली. म्हणून सरसकट सूट मागणारं पत्र आईवडिलांनी शाळेला देऊच नये. डॉक्टरांकडून वेगळं पत्र लिहून घ्यावं. मुलाला काय करता येतं, काय टाळायचं, कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं, आणि कोणाला फोन करायचा. चार ओळी पुरतात, आणि पी.टी.च्या सरांचीही धास्ती तेवढ्याने निम्मी होते.

उरतो तो मैदानापर्यंत पोचायचा प्रश्न. आपल्याकडे बरेचसे खेळ तिथेच संपतात. वर्गाबाहेर दोन पायऱ्या, मग खडी, मग मैदानाला लोखंडी फाटक आणि त्याचा उंबरा. संडास इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, दार इतकं अरुंद की खुर्ची आत जात नाही, म्हणून मुलगी शाळेत असेपर्यंत पाणीच पीत नाही. तहानलेल्या अंगाने खेळणं होत नाही. दाराला ९०० मिलिमीटर रुंदी हवी. उताराचा हिशेब एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीच्या पायऱ्यांना बारा फूट लांब उतार, दोन्ही बाजूंना कठडे, आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा. खडीवरून मैदानापर्यंत दीड मीटर रुंद फरशी. गावातल्या गवंड्याचं हे काही दिवसांचं काम आहे. मे महिन्यात सुट्टी असताना ते उरकलं, तर जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा त्यावरून जाता येतं.